सिगिरिया की पिदुरंगला? हातात एकच सकाळ असेल तर

श्रीलंकेची सहल आखताना कँडीपर्यंत कुणाचंच अडत नाही. दंतमंदिर, पेराडेनियाची बाग, चहाचे मळे, एल्लाची रेल्वे, सगळं आपोआप जुळून येतं. अडतं ते उत्तरेला, दांबुल्लाच्या पुढे. तिथे सपाट जंगलातून दोन खडक वर आलेत, एकमेकांपासून दोनेक किलोमीटरवर. एक सिगिरिया, माथ्यावर जुन्या राजवाड्याचे अवशेष असलेला; दुसरा पिदुरंगला. आपल्याकडे सकाळ असते एकच, आणि भेटेल तो सांगत असतो, "सिगिरियावर कशाला पैसे घालवता? समोरच्या पिदुरंगलावर जा. स्वस्तही आहे आणि सिगिरिया खरा दिसतो तो तिथूनच."

आम्ही दोन्ही चढलो, लागोपाठच्या दोन सकाळी. आम्ही म्हणजे मी, बायको आणि तिचा धाकटा भाऊ. तिघेही शनिवार-रविवारी सह्याद्रीत भटकणारे, त्यामुळे पुढचं सगळं त्या नजरेतून लिहिलंय हे आधीच सांगून टाकतो. ज्यांनी किल्ल्याची पायरी चढलेली नाही त्यांचं मत वेगळं होऊ शकेल, आणि ते चुकीचं असेल असंही नाही.

आधी पैशांचं बोलू, कारण पिदुरंगलाच्या बाजूने पहिला मुद्दा तोच येतो. सिगिरियाचं परदेशी माणसाचं तिकीट तीस-पस्तीस डॉलरच्या घरात आहे आणि पिदुरंगलाचं हजारभर श्रीलंकन रुपये, म्हणजे आपले तीनशेच्या आत-बाहेर. फरक मोठाच आहे. पण हा सल्ला देणारे बहुतेक युरोपातले असतात. सिगिरियाला सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट साधारण निम्म्या दरात मिळतं, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. पासपोर्ट मात्र खिशात हवा. आमच्या पुढे नागपूरचं एक कुटुंब होतं, त्यांचे पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये. चौघांचे पूर्ण दराने पैसे भरले आणि ते काका वरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दुसरा मुद्दा चढाईचा. पिदुरंगलाची वाट 'थरारक' आहे म्हणतात. पायथ्याच्या विहारापासून (गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत) पंधरा-वीस मिनिटं दगडी पायऱ्या, मग कपारीखाली शयनमुद्रेतली विटांची बुद्धमूर्ती. खजिन्याच्या लोभाने कुणीतरी ती फोडली होती, नंतर डागडुजी केलेली आहे. तिच्या पुढे शेवटचा टप्पा: मोठमोठे धोंडे, त्यांच्या फटी, हात टेकवून, कधी बूड टेकवून वर सरकायचं. पहाटेच्या अंधारात विजेरी दातात धरून हे करताना मजा येते, नाही म्हणत नाही. पण हरिहर गडाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला यात नवं काही नाही. आई-वडील सोबत असतील तर मात्र हा टप्पा गंभीरपणे घ्या. सिगिरियाला पायऱ्या बाराशेच्या आसपास असल्या तरी सगळीकडे कठडे आहेत आणि दम खायला जागा आहेत. गुडघे शाबूत असलेली सत्तरीतली माणसंही तिथे सावकाश वर येताना दिसली.

म्हणजे आपल्या हिशेबात राहतो फक्त तिसरा मुद्दा, देखाव्याचा. तो खरा आहे. लिंगाण्याचा सुळका पाहायला आपण समोरच्या रायलिंग पठारावर जातो, तसंच हे. पिदुरंगला सिगिरियाच्या उत्तरेला आहे, त्यामुळे समोर येते ती सिगिरियाची उत्तरेकडची बाजू. त्या भिंतीला चिकटलेला लोखंडी जिना आणि त्यावरची माणसांची मुंग्यांसारखी रांगही ओळखू येते. सूर्य डावीकडून उगवतो. धुकं असेल तर खडक तरंगतोय असं वाटतं.

हे सगळं मी पाहिलं. साधारण चार मिनिटं.

आम्ही पावणेपाचला निघालो होतो. रिक्षावाला वाटेत सारखा दिवे लांबवर टाकत "एलिफंट, सर" म्हणत होता, म्हणून हळूहळू. पाचला विहाराशी, शेवटच्या धोंड्यांपाशी वीसेक मिनिटांचा खोळंबा, आणि उजाडायच्या आत वर. दक्षिणेच्या कडेजवळ बरीशी जागा बघून मांडी घातली. खालच्या जंगलातून पाखरांचा आवाज यायला लागला, मग काळोखातून समोरचा खडक सुटा झाला. तेवढ्यात मागून आवाज: "सॉरी, यू आर इन द फ्रेम." सरकलो. दोन मिनिटांनी दुसरा आवाज, तीच विनंती. उठून दहा पावलं डावीकडे गेलो, तर तिथे आधीच एक मुलगी पिशवीतून पायघोळ लाल झगा काढून ट्रेकच्या कपड्यांवरच चढवत होती. पाठीमागे बघतो तो रीतसर रांग. एका ठरावीक दगडाच्या टोकावर बसून, पाठ कॅमेऱ्याकडे आणि तोंड सिगिरियाकडे करून काढायचा तो फोटो, त्यासाठी साठ-सत्तर माणसं. एक गृहस्थ तर आपणहून रांगेची शिस्त सांभाळत होते. तिसऱ्यांदा मला उठवलं तेही अगदी गोड शब्दांत.

चूक त्यांची नाही म्हणा. रायलिंगवर पावसाळ्यानंतरच्या रविवारी आपण याहून काय वेगळं करतो? आणि खरं सांगायचं तर सात वाजता निम्मे लोक उतरले, तेव्हा जागा मोकळी झाली. पण तोवर ऊन वर आलं होतं आणि त्या उघड्या कातळावर सावलीला झुडूप शोधावं लागतं. पिदुरंगलाच्या माथ्यावर पाहायची गोष्ट एकच आहे, आणि तिच्यासमोरच रांग लागते. तिथेच माझं मन उडालं.

सिगिरियाला गर्दी नाही असं कोण म्हणेल. भित्तिचित्रांच्या कपारीकडे जाणाऱ्या गोल जिन्यावर आम्ही पंचवीस मिनिटं एका जागी उभे होतो, कळसूबाईच्या शिड्यांवर राहतो तसे. चित्रांपाशी फोटोला बंदी, आणि राखणदार फार वेळ थांबू देत नाही. अजिंठा पाहिलेल्याला चित्रांतल्या अप्सरांची (की राण्यांची, यावर वाद आहे) ठेवण ओळखीची वाटते, फक्त इथे त्या ढगांतून कमरेपर्यंतच वर आलेल्या आहेत. वीस-बावीसच उरल्यात. मन भरत नाही, हे कबूल.

पण गर्दी आपल्यासोबत पुढे सरकत असते आणि दर वळणावर बघायला काहीतरी असतं. खाली आखीव पाण्याच्या बागा. त्यांतली कारंजी दीड हजार वर्षांनंतरही भर पावसाळ्यात उडतात. चित्रांनंतर आरसेभिंत. आता तिच्यात तोंड दिसत नाही, गिलावा पिवळट-तपकिरी झालाय, पण जवळून पाहिलं तर त्यावर बारीक कोरलेल्या ओळी आहेत. आठव्या ते दहाव्या शतकातले प्रवासी इथे आले, वरच्या बायका पाहून विरघळले आणि भिंतीवर सिंहलीत कविता कोरून गेले. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या 685 वाचल्या आणि 1956 मध्ये प्रसिद्ध केल्या. गडावर नाव कोरणाऱ्याला आपण शिव्या घालतो, आणि इथे तोच उद्योग सिंहली साहित्याचा ठेवा होऊन बसलाय. (तुम्ही प्रयत्न करू नका. राखणदार आहेच.)

आणि मग सिंहाचे पंजे. सिगिरिया म्हणजे सिंहगिरी; पुण्याच्या माणसाला नाव परकं वाटायला नको. पूर्वी वर जायची वाट विटांच्या प्रचंड सिंहाच्या तोंडातून होती. आता फक्त पंजे उरलेत. पण मान वर करून लोखंडी जिन्याशेजारचा कातळ बघा: ओळीने खोबण्या खोदलेल्या दिसतात. जुन्या विटांच्या जिन्याचा आधार या खोबण्यांत बसलेला होता. लोक पंज्यांसमोर फोटो काढून पुढे जातात, खोबण्यांकडे कुणी बघत नाही. मी मात्र तिथे अर्धा तास रेंगाळलो आणि एकाही माणसाने मला बाजूला व्हायला सांगितलं नाही. त्या चौकात बोलायचं मात्र हळू, कातळाला माश्यांची पोळी असतात आणि तशा पाट्याही लावलेल्या आहेत.

माथ्यावर राजवाड्याचे चौथरे, खडकात खोदलेलं मोठं टाकं आणि चारी बाजूंना जंगल. बापाला मारून 477 मध्ये गादीवर बसलेला कश्यप भावाच्या धास्तीने इथे येऊन राहिला. अठरा वर्षांनी तो भाऊ, मोग्गलान, हिंदुस्थानातून सैन्य घेऊन परतला, तेव्हा हा असला बेलाग खडक सोडून कश्यप खाली मैदानात लढायला उतरला! हत्ती दलदल टाळायला वळला, सैन्याला वाटलं राजा पळाला, आणि कश्यपाने स्वतःच्याच खंजिराने जीव दिला, असं बखरीत आहे. किल्ले फिरणाऱ्या माणसाला यावर तासभर वाद घालता येतो. आम्ही तो टाक्याच्या काठावर बसून घातला.

दोन सकाळी काढता येत असतील तर दोन्ही करा, आणि पिदुरंगला आधी. ज्यावर उद्या चढायचंय तो खडक आदल्या दिवशी समोरून पाहण्यात गंमत आहे. फोटोची हौस असेल किंवा सूर्योदय हवाच असेल, तर अर्थात पिदुरंगला. एरवी एकच सकाळ असेल तर मी सिगिरियाकडे बोट दाखवीन, दार उघडता उघडता. चित्रं आणि आरसेभिंत पश्चिमेच्या अंगाला आहेत, त्यामुळे सकाळी तेवढी वाट सावलीत राहते. कँडीहून एका दिवसात करणाऱ्यांची पंचाईत वेगळी: अडीच-तीन तासांचा रस्ता, म्हणजे ऐन उन्हात पोचणार. त्यांनी आधी दांबुल्लाची गुहामंदिरं करावीत, तिथे दुपार बरी जाते, आणि सिगिरियाला तीननंतर लागावं. टोपी घ्या. पाणी पायथ्यालाच भरा.

मेव्हण्याचं मत अजूनही उलटं आहे. पिदुरंगलाच्या टोकावर पाठमोरा बसलेला त्याचा फोटो त्याच्या फोनच्या पडद्यावर आहे, आणि येईल त्याला तो दाखवत असतो. रांगेत चाळीस मिनिटं उभा होता. फोटो छान आलाय. फ्रेममध्ये मी नाही.