गावाकडच्या फिरतीसाठी ६५ वॅटचा जोड चार्जर: काही महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉपचा मूळ चार्जर टेबलाला कायमचा लावलेला राहावा आणि बॅगेत दुसरा असावा, म्हणून हा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा) चार्जर घेतला. दोन टाईप-सी पोर्ट, एक साधं यूएसबी. लॅपटॉप १४ इंची. त्याच्या मूळ चार्जरवर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर लिहिलंय, म्हणजे ६५ वॅट. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, आर्णी, पांढरकवड्याकडच्या ग्रामपंचायती, शाळा आणि सेवा केंद्रांतल्या बोर्डांवर हा नवा चार्जर वापरात आहे. चार्जर म्हणून उत्तम, पण खेड्यातल्या बोर्डाशी त्याच्या प्लगचं जमत नाही, आणि खरेदी करताना नेमकं हेच कोणी बघत नाही.

आपल्या ६ अँपिअरच्या तीन पिनी प्लगच्या खालच्या दोन पिना साधारण ५ मिलिमीटर जाड असतात. या चार्जरच्या दोन पिना ४ मिलिमीटरच्या. शाळेतल्या जुन्या बोर्डात आतली पितळी पट्टी आधीच सैल झालेली असते. त्यात बारीक पिन, वरून चार्जरचं सगळं वजन त्याच पिनांवर. तो खाली झुकतो आणि पिन एकाच कडेला टेकते. मग स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्ह येतं-जातं, बोर्डाजवळ कान नेला की चरचर ऐकू येते. दोन-चार वेळा असं झालं की पिनेच्या टोकाला काळा डाग पडतो. जिथे नीट टेकत नाही तिथे ठिणगी, ठिणगीने काजळी, काजळीने ती जागा आणखी गरम. चरचर आली की बटण बंद करूनच चार्जर काढा, हलवून जमवत बसू नका.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे दीड-दोन मीटरचा तीन पिनी एक्स्टेंशन बोर्ड. त्याचा जाड प्लग भिंतीत घट्ट बसतो, चार्जर जमिनीवर किंवा टेबलावर आडवा राहतो. आज नव्याने चार्जर घ्यायचा असेल तर भिंतीला लटकणारा घेऊच नये. वेगळी तीन पिनी वायर लागणारा घ्यावा. बॅगेत थोडी जागा जास्त जाते, जाऊ द्या.

केबलचंही तसंच. साधी टाईप-सी केबल ३ अँपिअरचीच असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. पूर्ण ६५ हवे असतील तर ५ अँपिअरची, आत चिप असलेली, १०० वॅट लिहिलेली केबल लागते. मोबाईलची केबल लावून ‘चार्जर स्लो आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. दुसऱ्या पोर्टला मोबाईल लावला की या चार्जरवर लॅपटॉपला ४५ आणि मोबाईलला २० वॅट अशी वाटणी होते. मोबाईल लावताना-काढताना लॅपटॉपचा पुरवठा क्षणभर तुटतो. बॅटरी मेलेली असेल तर लॅपटॉप तिथेच बंद पडतो, भरत असलेला फॉर्मही गेला.

व्होल्टेजचा त्रास अपेक्षेपेक्षा कमी. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की लाईन १६० पर्यंत उतरते, तरी चार्जिंग चालू राहतं. फक्त तेवढ्याच वॅटसाठी २३० च्या तुलनेत जवळपास ४४ टक्के जास्त करंट ओढला जातो, म्हणून सैल बोर्ड तेव्हाच जास्त तापतो. धोका उलट बाजूने आहे: डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटली तर घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. बल्ब अचानक लख्ख झाले की आधी मेन स्विच पाडा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत हा चार्जर हात ठेववत नाही इतका तापतो. त्याला सतरंजीखाली किंवा बॅगेत ठेवून चार्जिंग करू नका, उघड्या फरशीवर ठेवा.

ज्यांचा लॅपटॉप टाईप-सीवर चार्ज होत नाही, त्यांना याचा उपयोग नाही. पोर्ट टाईप-सी असलं म्हणजे ते चार्जिंग घेतंच असं नाही. लॅपटॉपच्या माहितीत ‘पॉवर डिलिव्हरी’ लिहिलंय का ते बघा. गोल पिनवाल्यांनी व्होल्ट आणि पिनेचं माप दोन्ही जुळवावं. अँपिअर मूळ चार्जरइतके किंवा जास्त चालतात, कमी नकोत. डेलच्या गोल प्लगमधली मधली बारीक पिन चार्जरची ओळख पटवते. ती वाकली किंवा चार्जर नकली निघाला, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही. बाजारात विकत घेताना चार्जरवरचा आर ने सुरू होणारा नंबर भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये दुकानातच टाकून बघा. उत्पादक म्हणून कारखान्याचं वेगळं नाव येऊ शकतं, पण त्या नोंदीत चार्जरवरचा ब्रँडच नसेल तर तो चार्जर तिथेच परत ठेवा.