घरचं ऑफिस: आधी खुर्ची, टेबल की मॉनिटर?

घरून फ्रीलान्स काम सुरू करताना बहुतेक जण टेबलापासून सुरुवात करतात. टेबल आलं की खोलीचा नूर पालटतो, ऑफिस थाटल्यासारखं वाटतं. पैसे मोजकेच असतील तर टेबलाचा नंबर मी शेवटी लावेन. मान, खांदे, मनगटं बहुतेकदा धरतात ती उंची न जुळल्यामुळे, आणि ती जुळवायला खुर्ची व स्क्रीन जास्त कामी येतात.

म्हणून खरेदीआधी टेप काढा. पावलं जमिनीवर सपाट टेकवून बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. तयार टेबलं साधारण ७२ ते ७५ सेंमी उंच असतात. पाच फूट तीन इंचांच्या माणसाचं कोपर मात्र ६५ सेंमीच्या आसपासच भरतं. मग टाइप करताना खांदे नकळत वर उचलले जातात आणि दिवसभर तसेच राहतात.

खुर्ची की टेबल

उंची कमी-जास्त होणारी खुर्ची घेतली तर ती वर करून कोपर टेबलाला जुळवता येतं. पाय अधांतरी राहिले तर खाली एखादा बुटका स्टूल किंवा जुन्या जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा चालतो. उलट महागडं टेबल आणि जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची ही जोडी जमत नाही, कारण दोन्हींत हलणारं काहीच नसतं.

खुर्ची निवडताना पाठीपेक्षा बैठक किती खोल आहे ते आधी बघा. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची पोटरी यांत दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. बैठक त्याहून खोल असेल तर बुटका माणूस पुढे सरकून बसतो आणि कंबरेचा आधार मागे नुसता शोभेला राहतो. जाळीची पाठ की फोमची, हा वाद मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. घाम येत असेल तर जाळी घ्या. बैठक मात्र फोमची बरी, कारण हलकी जाळी काही काळाने मधे झोल खाते. गेमिंग खुर्च्या दिसायला झकास, पण बैठकीच्या उंचावलेल्या कडा मांड्यांना आवळतात आणि कंबरेची उशी सारखी सरकते. हात ठेवायचे दांडे टेबलाखाली जात नसतील तर खुर्ची पुढे ओढता येत नाही. हे दुकानात कुणी बघत नाही, घरी आल्यावर कळतं.

दिवसाकाठी दोन-तीन तासच बसणार असाल तर साधी खुर्ची आणि कंबरेमागे घट्ट गुंडाळलेला टॉवेल पुरतो. उगाच खर्च करू नका.

आता मोटारीवर वर-खाली होणारं टेबल. उभं राहून काम करायची सोय म्हणून ते विकलं जातं, पण दिवसभर उभं राहणंही पायांना आणि कंबरेला मानवत नाही. त्याचा खरा फायदा बसल्यावर नेमकी उंची मिळण्यात आहे, आणि नेमकी तिथेच गोम आहे. दोन टप्प्यांच्या (एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांच्या) पायांची बरीच टेबलं खाली येऊन येऊन ७० सेंमीच्या आसपास थांबतात. तीन टप्प्यांची साधारण ६० पर्यंत उतरतात. उंची कमी असलेल्याने दोन टप्प्यांचं घेतलं तर मूळ अडचण जशीच्या तशी राहते. टेबल किती वर जातं हे विक्रेता आपणहून सांगेल, किती खाली येतं ते विचारा.

लॅपटॉपचा स्टँड की मॉनिटर

लॅपटॉपची मुळातली अडचण म्हणजे स्क्रीन आणि की-बोर्ड एकमेकांना जोडलेले. हात नीट ठेवले तर मान वाकते, मान सरळ ठेवली तर हात वर जातात. स्टँड, वेगळा की-बोर्ड आणि माउस एवढ्याने हा पेच सुटतो, तोही कमी खर्चात. या खरेदीत सगळ्यात जास्त फरक याच तिघांनी पडतो असं माझं मत आहे. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर दूरचा, खाली जवळचा नंबर) असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते.

मॉनिटर कधी घ्यावा? एका बाजूला मूळ मजकूर आणि दुसऱ्या बाजूला आपला मसुदा ठेवावा लागतो तेव्हा: भाषांतर, हिशेब, कोडिंग, डिझाइन. एकटाकी लेखन करणाऱ्याला किंवा दर आठवड्याला जागा बदलणाऱ्याला स्टँडच बरा. मॉनिटर घेताना नुसते इंच बघू नका. १९२० × १०८० पिक्सेल २४ इंचांवर ठीक दिसतात (इंचाला सुमारे ९२ पिक्सेल). तेच २७ इंचांवर ताणले की ८२ उरतात आणि अक्षरांच्या कडा भुरकट वाटतात. २७ इंच घ्यायचा तर २५६० × १४४० घ्या. स्वस्त मॉनिटरचा पाया बहुधा वर-खाली होत नाही, म्हणून मागे मॉनिटर आर्म (मॉनिटर पेलणारा हलता दांडा) बसवायची चार भोकं आहेत ना, तेवढं तपासा.

खोली की कोपरा

यात टेबलखुर्चीइतकी डोकेफोड नाही. दिवसभर फोन आणि व्हिडिओ कॉल असतील तर दार बंद होणारी खोली, मग ती लहान आणि अंधारी का असेना. एरवी खिडकीजवळचा कोपरा. खिडकी बाजूला हवी. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर स्क्रीनवर उजेड चमकतो आणि कॉलवर चेहरा काळा दिसतो. आवाज गाळणारे हेडफोन पंख्याची किंवा वाहनांची घरघर छान दाबतात, शेजारची बडबड तितकी नाही. शिवाय ऐकण्याची सोय तुमची, समोरच्याला काय ऐकू जाईल ते माइक ठरवतो. तोंडाजवळ दांडी येणारा साधा हेडसेट इथे भारी हेडफोनपेक्षा सरस ठरतो. राउटर जवळ असेल तर केबल लावा.

खुर्चीचा खर्च झेपत नसेल तर नव्या स्वस्त खुर्चीऐवजी ऑफिसातली वापरलेली चांगली खुर्ची शोधा. ऑफिसं जागा बदलताना अशा खुर्च्या विकतात. बैठक पूर्ण वर करून पाच मिनिटं बसा. हळूहळू खाली येत असेल तर बैठक वर-खाली करणारा गॅसचा दांडा गेलेला आहे. तो बदलून मिळतो, त्यामुळे तेवढ्यासाठी खुर्ची सोडू नका, किंमत पाडून घ्या. बैठकीचा फोम दाबल्यावर खालची फळी हाताला लागली तर मात्र पुढची बघा.