इंटरव्ह्यूच्या तयारीच्या नावाखाली माझं बँक खातं वापरलं गेलं

गेल्या आठवड्यात माझ्या चुलतभावाला फोन आला. "बँकेत बिझनेस ॲनालिस्टची जागा आहे, तुमचा बायोडाटा निवडलाय, इंटरव्ह्यूची तयारी आम्हीच करून घेतो." नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच शब्द मी ऐकले होते. त्यानंतर आमच्या घराने जे भोगलं ते सांगायची लाज वाटायची, म्हणून गप्प बसले. आता सगळं सांगते.

मी दारव्हा तालुक्यातली. बी.कॉम. झाल्यावर एका पतसंस्थेत दोन वर्षं काउंटरवर होते. तिथलं सॉफ्टवेअर बदललं तेव्हा कंपनीच्या लोकांना आमचं काम समजावून द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. ठेवीचं व्याज कसं निघतं, हप्ता थकला की दंडव्याज कधीपासून लागतं, एकाने टाकलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे का जात नाही, हे मी त्यांना कागदावर आखून द्यायची. त्यांच्यातली एक ताई म्हणाली, "बँकेत हेच काम बिझनेस ॲनालिस्ट करतात." तेव्हापासून डोक्यात तेच होतं.

तयारी मनापासून केली. आमच्या गावात रेंज फक्त शाळेच्या ओसरीवर. संध्याकाळी तिथे बसून एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा शिकले, बीआरडी, म्हणजे बँकेला सॉफ्टवेअरकडून काय हवं त्याचा कागद, कसा लिहितात ते पाहिलं, युजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याची एकेक गरज एका ओळीत, लिहून लिहून वही भरली. पैसे पाठवायच्या पद्धतींमध्ये एनईएफटी अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचने चालतं आणि डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास सुरू असतं, आरटीजीएसला किमान २ लाख लागतात, आयएमपीएसचे पैसे लगेच पोचतात, सगळं तोंडपाठ होतं. नोकरीच्या साइटवर बायोडाटा टाकला आणि पंधरा दिवसांत फोन आला.

बोलणारा हिंदीत बोलत होता, अतिशय अदबीने. एका मोठ्या खाजगी बँकेचं नाव घेतलं, स्वतःला त्यांची "अधिकृत प्लेसमेंट एजन्सी" म्हणवलं. आधी नोंदणीचे १,१८० रुपये, मग प्रश्नसंचाचे ४,५००, मग कागदपत्र पडताळणीचे ७,५००, हे शेवटचे म्हणे पहिल्या पगारासोबत परत. प्रत्येक वेळी पावती आली, पावतीवर जीएसटी क्रमांक. त्या क्रमांकामुळेच माझा विश्वास बसला. नंतर कळलं की पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७. माझ्या पावतीवर पत्ता पुण्याचा आणि क्रमांक ०९ ने सुरू होणारा, म्हणजे उत्तर प्रदेशचा. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही फुकट शोधता येतं. मी शोधला तेव्हा तिथे हार्डवेअरच्या दुकानाचं नाव निघालं. पण तोवर पैसे गेले होते.

इंटरव्ह्यू व्हिडिओवर झाला. समोरच्या खोलीत वेचणीचा कापूस छातीइतका भरलेला. त्याच्यापुढे दोरी बांधून मी पांढरी चादर टाकली, बाबांना अंगणात बसवलं, आईने बकऱ्या मागे नेऊन बांधल्या. त्यांनी विचारलं, शेतकऱ्याला मोबाईलवरून पीककर्जाचा अर्ज करता यावा, तर गरजा कशा लिहाल? हा तर माझ्या घरचाच विषय. सातबारा आणि आठ-अ कुठून येईल, बाकी नसल्याचा दाखला कुणाचा लागेल, सामाईक खातेदाराची संमती कशी घ्यायची, आणि कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावरच एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरतात, इतर कर्जासारखं ९० दिवसांत नाही, हा नियम सॉफ्टवेअरमध्ये वेगळा बसवावा लागेल, असं सगळं सांगितलं. प्रत्येक उत्तराला "एक्सलंट मॅडम". एकदाही उलट प्रश्न नाही. पुढे एका खऱ्या बँकेचा इंटरव्ह्यू दिला, तेव्हा फरक कळला. सामाईक खातेदारावरच त्यांनी वीस मिनिटं घेतली: एकाची संमती आहे, दुसरा मयत आहे, वारसनोंद झालेली नाही, मग तुमचा स्क्रीन काय दाखवेल? खरा माणूस तुमच्या उत्तराला धरून खोदत जातो. ज्याला तुम्हाला कामावर घ्यायचंच नाही, तो कशाला खोदेल?

निवड झाल्याचा ईमेल आला, सोबत "तीन दिवसांचं यूएटी असाइनमेंट". खरी फसवणूक इथेच झाली आणि मला कुणी सावध करायला हवं होतं ते इथेच.

यूएटी म्हणजे नवीन सॉफ्टवेअर चालू करण्याआधी वापरणाऱ्यांच्या बाजूने घेतलेली चाचणी. त्यांनी एक्सेल शीट पाठवली. टेस्ट केसचा क्रमांक, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, पास किंवा फेल, सगळे रकाने माझ्या वहीतल्यासारखे. टेस्ट केस एक: तुमच्या खात्यात रक्कम दोन मिनिटांत जमा होते का? टेस्ट केस दोन: ती दिलेल्या खात्यावर पाठवली की पोचते का? "बँकेचेच टेस्टिंगचे पैसे आहेत, काळजी करू नका." तीन दिवसांत नऊ वेळा मिळून १,३८,५०० रुपये आले. मी पुढे पाठवत गेले, स्क्रीनशॉट लावत गेले आणि प्रत्येक ओळीपुढे "पास" लिहीत गेले.

चाचणी कधीच खऱ्या खात्यावर होत नसते. तिच्यासाठी वेगळी प्रणाली असते, खोटी खाती, खोटी नावं, खोटे पैसे. हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. वाचलेलं आणि समोर घडणारं एकच आहे हे मला त्या वेळी जोडता आलं नाही, कारण नोकरी लागली असं मी धरूनच बसले होते.

चौथ्या दिवशी खत घ्यायला पैसे काढायला गेले. कॅशियरने स्क्रीन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि मॅनेजरना बोलावलं. खातं फ्रीझ. दुसऱ्या राज्यातल्या सायबर तक्रारीत माझा खाते क्रमांक आला होता. त्या खात्यात आमच्या सोयाबीनचे पैसे होते. हमीभाव ४,८९२ असताना ओलावा सांगून व्यापाऱ्याने ४,१०० ने घेतलेलं बारा क्विंटल, म्हणजे ४९,२०० रुपये. बाबांनीच ते माझ्या नावावर टाकायला लावले होते. "माह्या खात्यात पडले त बँक थकबाकीत कापून घेईन, तुह्यापाशी राहू दे." घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसलेले. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "आता हरभरा पेरू कायचा, बाई?"

हरभऱ्याचं बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर आणलं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, मी त्याच दुपारी फोन केला, पण माझे पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर पोलिसांकडे पाच चकरा झाल्या, प्रत्येक वेळी एसटीने अख्खा दिवस. साहेबांनी सरळ सांगितलं, खातं तुमचं, पिन तुमचा, कागदावर तुम्हीच पुढे पाठवणाऱ्या. मला वाचवलं ते एकाच गोष्टीने, मी काहीही पुसलं नव्हतं. चॅट, पावत्या, ईमेल, ती एक्सेल शीट, सगळं छापून नेलं. आलेल्या रकमांमधली एक दुसऱ्या राज्यातल्या निवृत्त शिक्षकाची होती असं तिथे कळलं. त्या माणसाची पुंजी माझ्या हातून पुढे गेली, हे मला अजून झोपू देत नाही.

जे कुणी असल्या इंटरव्ह्यूची तयारी करताय, त्यांनी एवढं करा. जागा खरंच निघाली आहे का ते बँकेच्या स्वतःच्या साइटवर बघा. भारतीय बँकांचे पत्ते आता .bank.in असे झालेत, रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. जीमेलवरून आलेलं निवडपत्र बँकेचं नसतं. सरकारी बँकांच्या भरतीत परीक्षाशुल्क असतं, पण ते जाहिरातीत छापलेलं असतं आणि अधिकृत साइटवरच भरायचं असतं. इंटरव्ह्यूसाठी, पडताळणीसाठी, ठेव म्हणून कुणी पैसे मागितले की तिथेच थांबा. आणि तुमच्या खात्यात पैसे टाकून पुढे पाठवा म्हणणारा कुणीही असो, कारण कितीही शास्त्रशुद्ध वाटो, एक रुपयासुद्धा पाठवू नका. पैसे आलेच तर तसेच राहू द्या, आधी बँकेला लेखी कळवा आणि मग १९३० लावा.

आमचं खातं एप्रिलमध्ये मोकळं झालं, तेही पूर्ण नाही. ८,४०० रुपयांवर होल्ड आजही आहे.

चुलतभावालाही शीट आली होती, ती मी मागवून घेतली. रकाने तेच, पहिल्या ओळीत दोन मिनिटांची अटही तीच. त्याच्या खात्यात अजून काही आलेलं नव्हतं. रात्री दोघं ओसरीवर बसलो, १९३० लावला आणि तक्रार क्रमांक मिळेपर्यंत तिथून उठलो नाही.