कायमचं दालन, हंगामी प्रदर्शन की कार्यक्रमाचा दिवस?

एकदा एका संग्रहालयात मी फक्त एका चित्रासाठी गेलो. दालन सापडलं, भिंत सापडली, भिंतीवर चित्राच्या मापाचा एक गडद चौकोनही सापडला. शेजारी चिठ्ठी होती: हे चित्र सध्या दुसऱ्या संग्रहालयाच्या प्रदर्शनासाठी उसनं दिलं आहे. 'कायमच्या संग्रहातलं चित्र, जाऊन जाऊन जाईल कुठे' असं म्हणत मी ती भेट दोन वर्षं पुढे ढकलली होती. त्याच दोन वर्षांत गाजावाजा झालेली दोन हंगामी प्रदर्शनं मात्र धावतपळत गाठली होती. त्यांतलं आज काय आठवतं विचाराल, तर रांग.

तेव्हा कुणी जरा समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा आढावा.

बहुतेक कलासंग्रहालयांत एकाच छपराखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. संग्रहालयाच्या मालकीच्या कलाकृतींची कायमची दालनं असतात. काही महिने चालून आवरली जाणारी हंगामी प्रदर्शनं असतात. आणि सगळ्यांसाठी खुले कार्यक्रम असतात: कार्यशाळा, व्याख्यानं, मैफली, मुलांचे रविवार, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी दालनं. तिन्ही एकाच दिवशी उरकता येतात, पण मग ते उरकणंच होतं.

याचं कारण साधं आहे, पाय आणि डोळे. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या बेंजामिन आइव्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लेख लिहिला. मांडलेली वस्तू नीट दिसावी म्हणून माणसाला किती वाकावं लागतं, मान किती तिरपी करावी लागते, याची छायाचित्रंच त्यांनी त्यात दिली. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. एका कलाकृतीसमोर लोक सरासरी २७ सेकंद थांबतात, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकतात, असं त्यात आढळलं. आता हे आकडे मोठ्या संग्रहालयाला लावून बघा. पॅरिसच्या लूव्रमध्ये सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीला १७ सेकंद दिले तरी साधारण १६५ तास होतात, आणि त्यात चालायचा वेळ धरलेला नाही. 'सगळं बघू' हा पर्याय तिथेच निकालात निघतो.

कायमची दालनं

यांचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे तिथे कुणी तुम्हाला पुढे ढकलत नाही. बसायला बाक असतात. नको वाटलं तर निघून जाता येतं, पुन्हा यावंसं वाटलं तर पुन्हा येता येतं. एखादं चित्र तिशीत आणि पन्नाशीत बघणं ही चैन फक्त कायमच्या संग्रहातच मिळते.

अडचण पसाऱ्याची. नवखा माणूस पहिल्या दालनापासून क्रमाने सुरुवात करतो आणि ज्यासाठी आला होता तिथे पोचेपर्यंत त्याचे डोळे विझलेले असतात. यावर मला पटलेला तोडगा युद्धकाळातला आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रं वेल्समधल्या एका पाटीच्या दगडाच्या खाणीत सुरक्षित ठेवली होती. भिंती ओक्याबोक्या झाल्या. मग लोकांच्या आग्रहावरून १९४२ पासून दर महिन्याला एकच चित्र लंडनला आणून टांगायला सुरुवात झाली, आणि त्या एका चित्रासाठी माणसं यायची. आजही 'या खेपेला तीन चित्रं, बाकी जाता-येता दिसतील ती' असं ठरवून गेलात तर कायमचं दालन जड जात नाही.

दुसरी अडचण माझ्या त्या गडद चौकोनाची. 'कायमचं' हा शब्द मालकीबद्दल आहे, हजेरीबद्दल नाही. चित्रं उसनी जातात, डागडुजीला जातात, मांडणी बदलली की कोठारात जातात. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटच्या १६४२ च्या 'नाइट वॉच'चा अभ्यास आणि जतनाचं काम २०१९ मध्ये सुरू झालं, ते दालनातच काचेची खोली उभारून, लोकांच्या नजरेसमोर. ही मोठी सभ्य पद्धत झाली. एरवी काम निघालं की चित्र गायबच होतं.

टोकाचं उदाहरण बोस्टनमधल्याच इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयाचं. आपण केलेली मांडणी बदलायची नाही, असं हे संग्रहालय उभारणाऱ्या गार्डनरबाईंनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं. याहून 'कायम' ते काय असणार? पण मार्च १९९० मध्ये तिथून १३ कलाकृती चोरीला गेल्या आणि अजून मिळालेल्या नाहीत. चोरलेल्या चित्रांच्या रिकाम्या चौकटी आजही भिंतीवर आहेत. गंमत अशी, की याच न बदलणाऱ्या वास्तूच्या आतल्या अंगणात दर वसंतात सज्जांवरून नॅस्टर्शियमच्या लांबच लांब फुलवेली सोडतात, आणि केवळ त्या काही आठवड्यांसाठी येणारी माणसं आहेत.

हंगामी प्रदर्शनं

इथे निर्णय सगळ्यात अवघड, म्हणून जरा थांबू. जाहिरातीतलं 'मर्यादित काळासाठी' वाचलं की आपण गडबडतो. त्याऐवजी हे प्रदर्शन हंगामी का आहे, ते शोधावं. मला त्याची तीन कारणं दिसतात आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिलं कारण, जगभर विखुरलेल्या कलाकृती काही महिन्यांपुरत्या एकत्र आल्या आहेत. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याची म्हणून साधारण ३७ चित्रं मानली जातात. २०२३ च्या फेब्रुवारी ते जून या काळात राइक्सम्युझियमने त्यांतली २८ एका छपराखाली आणली. जवळजवळ साडेसहा लाख लोकांनी ती पाहिली, आणि तिकिटं तर सुरुवातीच्या काही दिवसांतच संपली. व्हर्मीरचं 'द कॉन्सर्ट' तिथे येणं शक्यच नव्हतं, कारण गार्डनरमधल्या रिकाम्या चौकटींपैकी एक त्याचीच. असं प्रदर्शन आवाक्यात असेल तर कायमची दालनं खुशाल बाजूला ठेवा. २८ चित्रं बघायला कितीतरी शहरं पालथी घालण्यापेक्षा गर्दीत उभं राहणं परवडतं.

मात्र नावावर जाऊ नका, यादीवर जा. लूव्रमध्ये २०१९-२० ला झालेलं लिओनार्दोचं प्रदर्शन दहा लाखांहून जास्त लोकांनी पाहिलं, पण 'मोनालिसा' त्यात नव्हती. ती आपल्या नेहमीच्याच दालनात होती. गर्दीच एवढी, की तिला प्रदर्शनात हलवणं शक्य नव्हतं. जाण्याआधी प्रदर्शनात नक्की काय आहे हे पाहिलं नाही तर अपेक्षाभंग आपल्याच पदरी येतो.

दुसरं कारण उजेडाचं, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. जलरंग, लघुचित्रं, लाकडी ठशांची जपानी चित्रं, जुनी छायाचित्रं, कापड या गोष्टींना प्रकाश सोसत नाही. रंग उडतो तो कायमचाच. म्हणून त्या साधारण ५० लक्स इतक्या मंद उजेडात, तेही थोडे महिनेच मांडतात, आणि मग बराच काळ अंधारात विश्रांतीला ठेवतात. अशा प्रदर्शनात सगळं संग्रहालयाच्याच कोठारातलं असतं, दालन एखादंच असतं, जाहिरात जेमतेम. लोक अंधार आहे म्हणून कुरकुरत बाहेर पडतात. माझं मत विचाराल तर पैसा वसूल इथे होतो. गर्दी नाही, आणि तीच चित्रं पुन्हा कधी बाहेर येतील याचा नेम नाही. फक्त आत गेल्यावर दोन-चार मिनिटं डोळे सरावू द्या.

तिसरं कारण, गर्दी खेचणं. मोठ्या नावाभोवती दोन-तीन मूळ चित्रं आणि बाकी प्रतिकृती, किंवा मूळ चित्र एकही नाही आणि भिंतीभर हलती प्रोजेक्शनं. मुलांना मजा येते, फोटो छान निघतात, त्याला माझी ना नाही. पण एकच दिवस असेल तर तो इथे घालवू नये.

वेळेबद्दल थोडं. उद्घाटनानंतरचे पहिले दिवस आणि शेवटचे दोन आठवडे टाळा. मधल्या काळातली आडवारची दुपार उतरत असताना बरी. वेळेचं तिकीट असेल तर बहुधा आत शिरायची वेळ बांधलेली असते, बाहेर पडायची नसते. सगळी गर्दी पहिल्या खोलीत भिंतीवरचा मजकूर वाचत तुंबलेली असते. तिथून सरळ शेवटच्या खोलीत जावं आणि उलट्या दिशेने यावं. क्युरेटरने मांडलेला क्रम मोडतो खरा, पण चित्रासमोर उभं राहायला जागा मिळते.

कार्यक्रमाचे दिवस

इथे एकच गोष्ट आधी मान्य करायला हवी: या दिवशी चित्रं बघायला जायचं नाही. 'रात्री दालनं उघडी आहेत, शांतपणे बघू' अशा कल्पनेने गेलेला माणूस वैतागून परततो. बर्लिनने १९९७ मध्ये सुरू केलेली 'संग्रहालयांची दीर्घ रात्र' पुढे अनेक शहरांनी उचलली, ती त्यातल्या उत्सवासाठी. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून चालत आला आहे. त्या दिवशी अनेक ठिकाणी विशेष कार्यक्रम असतात, आणि गर्दीही त्या मानाने.

मग जावं कुणी? ज्यांना संग्रहालयाची भीती वाटते त्यांनी. 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' म्हणत दारातून परतणारी माणसं मला माहीत आहेत. मैफलीसाठी किंवा कार्यशाळेसाठी आत आलेला माणूस दुसऱ्या वेळी बिचकत नाही. नॅशनल गॅलरीच्या ओक्या भिंतींची गोष्ट इथेही लागू पडते. चित्रं लंडनबाहेर हलवल्यावर पियानोवादक मायरा हेस यांनी त्या रिकाम्या दालनांत दुपारच्या मैफली सुरू केल्या. १९३९ ते १९४६ या काळात १,६९८ मैफली झाल्या आणि आठ लाखांवर लोक आले, तेही भिंती जवळजवळ रिकाम्या असताना.

कार्यक्रमांतही निवड करायची. उद्घाटनाच्या संध्याकाळी सगळ्यात जास्त दिसतात त्या लोकांच्या पाठी. त्याउलट जतनाचं काम करणारी माणसं स्वतः बोलणार असतील, तर बाकी सगळं सोडून जावं. जुनं वार्निश कसं काढतात, चित्राखालचं आधीचं चित्र क्ष-किरणांत कसं सापडतं, हे ऐकल्यावर दालनातल्या तेलरंगांकडे बघायची नजर बदलते. दालनात बसून रेखाटन करायचे वर्गही असेच. साधारणपणे फक्त पेन्सिल चालते, शाई नाही. रेखाटन कितीही वाकडं आलं तरी एका मूर्तीकडे तुम्ही वीस मिनिटं टक लावून पाहिलेलं असतं. आणि एप्रिलमधला 'स्लो आर्ट डे' जवळपास कुठे होत असेल तर तो चुकवू नका. पाच कलाकृती, प्रत्येकी दहा मिनिटं, मग त्यावर गप्पा. तीनही प्रकारांतलं थोडं थोडं त्यात आहे.

तुमचं काय?

परगावी आहात आणि हातात एकच दिवस आहे, तर सकाळी कायमची दालनं, ठरवलेली मोजकी चित्रं. हंगामी प्रदर्शन पहिल्या किंवा दुसऱ्या कारणाचं असेल तरच दुपारी तिथे, आणि मधे तासभर बाहेर बसून घ्या. संग्रहालय घराजवळ असेल तर हिशोब उलटा होतो. कायमचं दालन तासाभराच्या छोट्या फेऱ्यांत संपवायचं, आणि वर्षातून तीन-चार वेळा जाणं होत असेल तर सभासदत्व घेऊन टाकायचं. त्याने तिकीट वसूल करायची घाई जाते, हा त्याचा खरा फायदा.

लहान मुलं बरोबर असतील तर लोक हमखास कार्यक्रमाचा दिवस निवडतात. कार्यशाळा असेल तर ठीक. नाहीतर मला कायमची दालनंच बरी वाटतात, कारण मूल चाळीस मिनिटांत कंटाळलं तर निमूट घरी निघता येतं. वेळेचं तिकीट काढलेल्या प्रदर्शनात कंटाळलेलं मूल आणि हट्टाने थांबलेले आईबाप हे दृश्य फार वेळा पाहिलं आहे. वयस्कर मंडळी असतील तर हंगामी प्रदर्शनात बसायला जागा आहे का, हे आधी विचारा. गर्दी वाहती राहावी म्हणून तिथे बाक बऱ्याचदा कमीच ठेवतात. चाकाची खुर्ची बहुतेक मोठ्या ठिकाणी मिळते, पण मागावी लागते.

आणि एकाच चित्रासाठी निघाला असाल, तर निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या चित्राचं पान उघडा. बऱ्याच ठिकाणी चित्र सध्या मांडलेलं आहे की नाही, असल्यास कुठल्या दालनात, हे दिलेलं असतं. नसेल तर सरळ फोन करा. मी करतो. पलीकडच्या बाईंनी मागच्या वेळी 'आहे, आणि शुक्रवारपर्यंतच आहे' असं सांगितलं, म्हणून गुरुवारी गेलो.