माझ्या नवऱ्याचं गर्भाशय आणि केसांचं पॅकेज

माझ्या नवऱ्याचं गर्भाशय ‘उत्तम’ स्थितीत असल्याचा छापील रिपोर्ट आमच्या कपाटात आहे. रंगीत, चांगला बाईंडिंग केलेला. टाकून देववत नाही, कारण त्या पॅकेजचे ₹२४,५०० मी मोजलेत.

ऐन गणपतीत मला डेंग्यू झाला. दिवाळीत अभ्यंगस्नानाला बसले तर मोरीच्या जाळीवर केसांचा हा एवढा बोळा. भांग रुंद दिसायला लागला, वेणीचा पार उंदराचा शेपूट झाला. आमच्या लेडीज डब्यातली एक म्हणाली, “अगं, दादरला फ्री चेकअप असतं. सगळं नॅचरल, केमिकल काही नाही.” डेंग्यूत इतक्या गोळ्या खाल्ल्या होत्या की ‘नॅचरल’ ऐकूनच निम्मं बरं वाटलं.

पांढरा कोट घातलेल्या मुलीने आधी टाळूवर कॅमेरा फिरवला. त्या कॅमेऱ्याखाली कोणाचीही टाळू मे महिन्यातल्या मराठवाड्यासारखीच दिसत असणार, पण हे आत्ता सुचतंय. मग वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष हे लॅपटॉपवर टाईप केलं आणि माझ्या हातात एक धातूची दांडी दिली. मिनिटभर घट्ट धरायची. ना सुई, ना रक्त. प्रिंटरमधून पानांवर पानं यायला लागली: बायोटिन लाल, झिंक लाल, सेलेनियम लाल, लोह मात्र हिरवंगार. “मॅडम, मुळं झोपलीत. आता उठवली नाहीत तर कायमची जातील. ९० दिवसांत फरक दाखवते.” सहा महिन्यांच्या गोळ्या, भृंगराजाचं चूर्ण, तेल. मी चाचरतेय म्हटल्यावर तिने गोड हसून माझा फोन मागितला, ओटीपी आला, कर्जाचे हप्ते बांधले गेले. चहासुद्धा पाजला.

आणि खरंच, संक्रांतीपर्यंत गळणं कमी झालं! हळदीकुंकवाला मी सगळ्यांना भांग दाखवत फिरले. वहिनीचे केस बरीच वर्षं विरळ होत होते. तिला मीच हाताला धरून तिथे नेलं.

फेब्रुवारीत तिसऱ्या चेकअपला नवरा सोबत आला. त्याच्या केसांनी कधीच रजा घेतलीय. तोही हौसेने दांडी धरून बसला आणि ती मुलगी घाईत माझीच नोंद बदलायला विसरली. परतीच्या लोकलमध्ये रिपोर्ट चाळताना तो एकदम ओरडला, “अगं, माझं गर्भाशय!” कुर्ला येईपर्यंत आम्ही हसत होतो. कुर्ल्यानंतर कोणीच हसलं नाही. दांडी काही मोजत नव्हतीच. टाईप केलेल्या आकड्यांवरून पानं छापली जात होती.

मग केईएमची त्वचारोग ओपीडी गाठली. (‘केस पेपर’वरचा विनोद नवऱ्याने रांगेतच उरकला.) डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “गळायला लागायच्या दोन-तीन महिने आधी काय आजारपण झालं होतं?” मोठ्या तापानंतर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. बहुतेकांचं हे गळणं साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबतं. म्हणजे ९० दिवसांचा वायदा हुकायची शक्यता फारशी नव्हतीच. नुसती खिचडी खाऊन बसले असते तरी श्रेय खिचडीला गेलं असतं.

रक्त तपासलं तर थायरॉईडचे आकडे भलतेच: टीएसएच अगदी कमी, टी४ जास्त. त्यांनी गोळ्यांची बाटली मागवून घेतली. एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन! मोठ्या माणसाला दिवसाला ३०च्या आसपास पुरतं आणि एवढ्या डोसने थायरॉईडचे रिपोर्ट खोटे येऊ शकतात. गोळ्या बंद करून पुन्हा तपासलं, सगळं नॉर्मल. सेलेनियमही त्यात होतं, आणि ते जास्त झालं तर उलट केस गळतात. २०२५मध्ये शेगाव तालुक्यात गावांतल्या लोकांचे केस गळाले तेव्हा हेच नाव पुढे आलं होतं.

कमी होतं ते लोह. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन फक्त ९. मशीनने हिरवं दाखवलेलं तेच. आता लोहाची साधी गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते, जेवणावर लगेच चहा नाही आणि आईचे आळिवाचे लाडू चालू आहेत.

बाटलीवरचा १४ आकडी परवाना मी तपासला. खराच निघाला, पण खाद्यपदार्थाचा. त्यावर केस उगवण्याचा दावा करता येत नाही. आणि औषध म्हणून विकायचं तर औषध नियमांच्या शेड्यूल जे या आजारांच्या यादीत टक्कलही आहे, म्हणजे ते बरं करतो असं म्हणायलाच बंदी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५वर तक्रार नोंदवलीय. कर्ज देणाऱ्या कंपनीचं म्हणणं, वस्तू तुम्हाला मिळाली ना, मग हप्ता द्या. तिथे कोणी फोन मागितला तर देऊ नका. आणि मशीनचा संशय आला तर दुसऱ्यांदा वय वीस वर्षांनी चुकवून सांगा, मग पानं बघा.

वहिनीचं दुखणं वेगळं निघालं, वंशपरंपरागत. त्यात उपचार जितके लवकर तितके केस वाचतात, आणि तिचे दीड-दोन महिने त्या चूर्णात गेले. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तिचे हप्ते दिवाळीपर्यंत आहेत, ते मी भरतेय.