भाड्याचा मोडेम परत केला, स्वतःचा लावला: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

पहिल्या आठवड्यातच लिहिणार होतो, पण बरं झालं थांबलो. नवीन डबा लावला की चार दिवस सगळ्यांनाच नेट पळतंय असं वाटतं, आणि तेव्हा लिहिलं असतं तर अर्धं खोटं लिहिलं असतं. आता आठ महिने झालेत, कुठे खरंच फरक पडला आणि कुठे मी उगाच मोडेमला शिव्या घालत होतो ते कळलंय.

आधीची परिस्थिती सांगतो. केबलचं नेट, प्लॅन ३०० एमबीपीएसचा, आणि कंपनीनं दिलेला भाड्याचा डबा, मोडेम आणि राउटर एकातच. तो सहा वर्षं घरात होता. मधल्या काळात कंपनीनं प्लॅनचा स्पीड दोनदा वाढवला, दोन्ही वेळा अभिनंदनाचा मेसेज आला, पण डबा तोच. सकाळी वायर लावून टेस्ट केली की २४० वगैरे यायचे, संध्याकाळी आठनंतर ७०-८०. आणि दिवसातून दोन-तीनदा ऑनलाइनचा दिवा लुकलुकायला लागायचा, मग तीन-चार मिनिटं सगळं बंद. व्हिडिओ कॉलवर मी अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून गोठलेला, ह्याचे स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर आहेत. कस्टमर केअरला फोन केला की "सर एकदा रीस्टार्ट करून बघा". बघितलं हो. सहा वर्षं तेच बघतोय.

शेवटी एका मित्रानं सांगितलं की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाक आणि काय दिसतं ते बघ. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! बहुतेक केबल मोडेममध्ये ह्या पत्त्यावर एक पान असतं, त्यात किती चॅनल (वायरीतल्या नेटच्या लेन म्हणा) लागलेत, सिग्नल किती येतोय, मोडेम किती जोरात बोलतोय, आणि खाली एररची यादी, सगळं असतं. माझ्या पानावर डाउनलोडचे ८ चॅनल, अपलोडचे ४, आणि लॉगमध्ये टी३ टाइमआउटची रांगच्या रांग. टी३ म्हणजे मोडेमनं हाक मारली आणि पलीकडच्या कंपनीच्या मशीननं ओ दिली नाही.

ते ८ चॅनल वाचूनच डोक्यात प्रकाश पडला. हा डबा डॉक्सिस ३.० चा, डॉक्सिस म्हणजे केबलवरून नेट देण्याची ठरलेली पद्धत. २००६ मध्ये हे ३.० आलं आणि त्यात एकापेक्षा जास्त चॅनल जोडून वापरायची सोय झाली. ६ मेगाहर्ट्झच्या एका चॅनलमधून साधारण ३८ एमबीपीएस हातात पडतात. म्हणजे ८ चॅनलचे ३०४, तेही त्या वेळी त्या चॅनलवर दुसरं कुणी नसेल तर. केबलचं नेट अख्ख्या गल्लीत वाटलेलं असतं, संध्याकाळी सगळे बसले की त्या ८ चॅनलवर सगळ्यांची गर्दी. थोडक्यात कंपनी मला ३०० चा प्लॅन विकत होती आणि ज्यातून तो जेमतेम, तोही रिकाम्या रस्त्यावर निघेल असा डबा भाड्यानं देत होती. राग आला, खोटं कशाला बोलू.

मग नवीन घेतला, डॉक्सिस ३.१ चा, ३.० चे ३२ चॅनल डाउनलोडला, ८ अपलोडला, शिवाय ओएफडीएमचे, म्हणजे ३.१ मधल्या रुंद पट्ट्याचे दोन. राउटर वेगळा घेतला. मोडेमचं मॉडेल मुद्दाम सांगत नाही कारण त्याचा उपयोग नाही, तुमची कंपनी कुठले मोडेम चालवून घेते त्याची तिची स्वतःची यादी असते आणि यादीत नसलेला कितीही भारी मोडेम आणलात तरी तो पेपरवेट. यादी बघताना तुमच्या प्लॅनच्या पुढे तो मोडेम आहे का तेही बघा, कारण यादीत असणं वेगळं आणि तुमच्या स्पीडला पुरणं वेगळं. लँडलाइन फोन मोडेममधूनच येत असेल तर फोनचं पोर्ट असलेलाच लागतो, हे शेजाऱ्यांना घेतल्यावर कळलं. आणि सेकंडहँड घेत असाल तर दोन गोष्टी: तो आधीच्या माणसानं परत न केलेला भाड्याचा डबा नाही ना, कारण तसा असेल तर कंपनी चालू करत नाही, आणि आत प्युमा ६ नावाची चिप नाही ना. त्या चिपच्या मोडेममध्ये पिंग (हाक मारल्यावर उत्तर यायला लागणारा वेळ) मधेच उड्या मारतो हे २०१६ च्या शेवटी सगळीकडे गाजलं होतं, नंतर फर्मवेअरचे (मोडेमच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) उपाय आले, पण जुना डबा हातात घेताना ती डोकेदुखी कशाला.

चालू करायचा कार्यक्रम दहा मिनिटांचा असतो म्हणतात, माझा दीड तास चालला. मोडेमच्या खाली स्टिकरवर मॅक ॲड्रेस (त्या डब्याची ओळख) असतो, बारा अक्षरं-आकडे, तो कंपनीला सांगायचा. माझ्या स्टिकरवर दोन होते, एक केबलचा आणि एक नेटवर्कचा, मी अर्थातच चुकीचा सांगितला. मग बरोबरचा सांगितला तर फोनवरच्या ताईंना "बी" ऐकू येतंय की "डी" ह्यावर आमचं ठरेना, शेवटी मी "डमरूमधला ड हो, डमरू!" असं ओरडलो तेव्हा काम झालं. फोटो काढून चॅटवर पाठवायची सोय असेल तर तेच करा.

चालू झाला, स्पीड टेस्ट ३२०. सगळे खूश. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलमध्ये परत तोच गोठलेला चेहरा.

खरं सांगायचं तर ह्या सगळ्या अनुभवातला सगळ्यात कामाचा भाग इथून पुढे आहे. नवीन मोडेमच्या पानावर बघितलं तर डाउनलोडचा सिग्नल उणे ११ डीबीएमव्ही (सिग्नलचा जोर मोजायचं एकक), एसएनआर (गोंगाटाच्या मानानं सिग्नल किती वर आहे तो आकडा) ३४, आणि अपलोडचा ५१. तेव्हा ह्यातलं काही कळत नव्हतं, वाचून समजलं ते असं: डाउनलोड उणे ७ ते अधिक ७ मध्ये असला की निर्धास्त राहायचं (उणे १५ पर्यंत चालतो म्हणतात, पण मग भरवसा नाही), एसएनआर ३३ च्या वर हवा, आणि अपलोडचा आकडा मात्र उलटा, जितका मोठा तितकं वाईट. कारण तो आपल्या मोडेमचा आवाज आहे. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांशी बोलताना आपण जसे नकळत वरच्या पट्टीत जातो तसं पलीकडे ऐकू जाईना की मोडेम आवाज चढवतो. पन्नाशीच्या वर गेला म्हणजे बिचारा घसा फोडून ओरडतोय आणि आता अजून चढवायला जागा नाही. तिथून ते टी३.

मग वायर हातात धरून भिंतीपासून मागे मागे गेलो. टीव्हीच्या मागे, जिथे घर लावल्यापासून कुणाचा हात गेला नसेल, तिथे धुळीच्या गोळ्यात एक स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या अनेक वायरी करणारा तुकडा. चार तोंडांचा. चारपैकी एकच वापरात, बाकी तीन उघडी, आत कोळ्याचं जाळं. आणि आमच्या मोडेमकडे येणारी पिन एवढी सैल की बोटानं गर्रकन फिरली. पुसून बघितलं तर प्रत्येक तोंडापाशी ७ डीबी छापलेलं, म्हणजे तिथे सिग्नल तेवढा कमी होतो. म्हणजे कधीकाळी चार खोल्यांत टीव्ही असावेत म्हणून लावलेला तो तुकडा, टीव्ही गेले, तुकडा राहिला, आणि वर्षानुवर्षं आमचा सिग्नल जाता-येता खात बसला. तो काढला, दोन वायरी जोडायचा छोटा जॉइंट असतो, बॅरल म्हणतात, तो लावला, पिना हातानं घट्ट करून पान्यानं अगदी किंचित फिरवल्या. पान रीफ्रेश केलं. डाउनलोड उणे ४, एसएनआर ३८, अपलोड ४४. दोन्हीकडे बरोबर ७ चा फरक! मी बायकोला बोलावून आकडे दाखवले, ती म्हणाली "बरं, मग टीव्हीमागचं पुसून घे आता सगळं."

आता प्रश्न असा पडला की दोष स्प्लिटरचा होता तर मी मोडेम उगाच घेतला का? हे डोक्यातून जाईना. जुना डबा अजून परत केला नव्हता, म्हणून परत फोन, परत मॅक ॲड्रेस, आणि दोन दिवस जुनाच लावून ठेवला, ह्या वेळी स्प्लिटरशिवाय. फोनवरच्या माणसाला वाटलं असेल ह्याचं काहीतरी बिनसलंय. पण उत्तर मिळालं. जुन्यावर दोन दिवसांत एकदाही नेट तुटलं नाही, म्हणजे तुटण्याचं पाप शंभर टक्के स्प्लिटरचं आणि सैल पिनेचं. पण संध्याकाळचा स्पीड ११० च्या पुढे सरकेना. नवीन परत लावला, त्याच वेळेला २८०. म्हणजे गर्दीचं दुखणं मोडेमचंच होतं. नवीन मोडेम ३२ चॅनलवर पसरतो आणि शिवाय ३.१ चा जो रुंद ओएफडीएमचा पट्टा असतो, तिथे जुन्या डब्यांना प्रवेशच नाही, त्यामुळे तिथे गर्दी कमी. ही मजा किती दिवस टिकेल माहीत नाही, सगळ्यांनी बदलले की तिथेही रांग लागेल. पण आठ महिन्यांत अजून तरी संध्याकाळी २५० च्या खाली गेलेला बघितला नाही.

अपलोड वाढेल असं कुणाला वाटत असेल तर नाही वाढत. आधी २० होता, आताही २० च आहे. केबलवर अपलोडला जुन्या पद्धतीत ५ ते ४२ किंवा ६५ मेगाहर्ट्झ एवढीशी पट्टी ठेवलेली असते, ती वाढवणं कंपनीच्या हातात, आपण घरात कितीही भारी डबा ठेवला तरी. पण त्या २० चा वापर सुधारला हे मात्र खरं. आधी मुलीचा फोन फोटोंचा बॅकअप घ्यायला लागला की पिंग २० वरून ४०० मिलिसेकंदांवर, आणि घरातले सगळे एकमेकांकडे संशयानं बघायचे. ३.१ च्या मोडेमला अपलोडची रांग फुगू न देण्याचं काम नेमूनच दिलेलं असतं, त्यामुळे आता त्याच वेळी पिंग ६०-७०. मी पुढे राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आवरायची सोय) चालू करून अपलोड १८ वर बांधला तर पिंग ३० च्या आसपास राहतो. दोन एमबीपीएस सोडले आणि घरात शांतता आली. स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यापेक्षा मला हीच गोष्ट जास्त भावली.

वायफायचं म्हणाल तर मागच्या खोलीत आता छान येतं, पण त्यात मोडेमचं कौतुक काही नाही. आधी एकच डबा होता त्यामुळे केबल जिथे येते त्या कोपऱ्यात राउटरही अडकलेला. आता मोडेम कोपऱ्यात आणि राउटर घराच्या मधोमध. ज्यांना मोडेम घ्यायचाच नाहीये त्यांनी भाड्याचा डबा ब्रिज मोडवर टाकून (म्हणजे त्यातला राउटर बंद करून) स्वतःचा राउटर जोडला तरी एवढा फायदा मिळतो. फक्त ब्रिज मोड करा, नाहीतर दोन राउटर एकामागे एक बसतात आणि गेम, कॅमेरे वगैरे अडतात.

कटकटीही आहेत. मोडेम तापतो, चांगलाच. सुरुवातीला मी सेट टॉप बॉक्सवर आडवा ठेवलेला, आता मोकळ्या जागी उभा आहे. फर्मवेअर आपल्याला घालता येत नाही, मोडेम आपला असला तरी ते कंपनीच पाठवते आणि पाठवेल तेव्हा. काही बिघडलं की पहिलं वाक्य "मोडेम तुमचा आहे सर, तो आमच्याकडे येत नाही". आणि भाडं! जुना डबा जमा केल्यावरही पुढच्या बिलात भाडं लागूनच आलं. जमा केल्याची पावती होती म्हणून एका फोनमध्ये मिटलं, नसती तर सिरियल नंबर शोधत बसलो असतो. पावती घ्या, डब्याचा आणि ॲडाप्टरचा फोटो काढा. आणि कंपनी लवकरच फायबर टाकणार असेल तर थांबा, कारण फायबरला हा मोडेम कुठेच लागत नाही, तिथला डबाच वेगळा.

सध्या एकच गोष्ट शिल्लक आहे. जोराचा पाऊस झाला की अपलोडचा ४४ हळूहळू ४८ वर जातो, दोन दिवस ऊन पडलं की परत ४४. घरातलं तर सगळं मी बदललं, त्यामुळे बाहेरच्या कुठल्यातरी जोडात पाणी शिरतंय असा माझा अंदाज आहे. तक्रार नोंदवलीय, "रीस्टार्ट करून बघा" ह्या वेळीही झालं, पण तारखेसकट आकडे वाचून दाखवल्यावर माणूस पाठवतो म्हणाले. मंगळवारी येणार आहे, पावसाळी दिवसांच्या पानाचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवलेत.