चाळीस मिनिटांच्या केटामाइनला काय ऐकावं? सिम्फनी, वाडगे की आपला ख्याल

गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर डॉक्टरांनी केटामाइन हे मुळात भुलीचं औषध सुचवलं आणि निघताना म्हणाले, "सलाइन चालू असताना ऐकायचं संगीत तुम्हीच निवडून आणा." फोंड्याच्या माझ्या मावसबहिणीपुढे हा पेच होता. (मशरूममधल्या सायलोसायबिन या भास घडवणाऱ्या द्रव्याचं नाव तिने काढलं, पण ते भारतात १९८५च्या कायद्याने बंद आहे. हणजूणला ट्रान्स संगीताच्या पार्टीत रात्री कोणी काही हातावर ठेवलं तर तो उपचार नव्हे.)

तरी सत्रात संगीत काय करतं हे समजायला सायलोसायबिनवरचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजने २०१८मध्ये सायलोसायबिन घेतलेल्या नैराश्याच्या १९ रुग्णांचा अनुभव मांडला. ज्यांना संगीत आवडलं, आपलं वाटलं आणि जे मोकळ्या मनाने त्याला सामोरे गेले, त्यांचं नैराश्य आठवड्यानंतर जास्त उतरलेलं दिसलं. औषध किती 'चढलं' यावरून तो अंदाज येत नव्हता. माणसं मोजकीच, तेव्हा फार ताणू नये.

अशा उपचारात सिम्फनीची परंपरा जुनी. संगीतोपचारक हेलन बॉनी आणि मानसोपचारतज्ज्ञ वॉल्टर पान्के यांनी १९७२मध्येच चढण, शिखर, परतीची वाट अशा टप्प्यांनुसार संगीत लावण्याची पद्धत मांडली. पण ती तासन्‌तास चालणाऱ्या एलएसडीच्या (हेही भास घडवणारं द्रव्य) सत्रासाठी. केटामाइनचं सलाइन साधारण ४० मिनिटांचं. शिवाय ज्याने व्हायोलिनचा ताफा फक्त सिनेमात ऐकलाय, त्याला दर वेळी कोणीतरी मरतंय असंच वाटणार!

तिबेटी वाडगे (धातूचे, घुमवून वाजवायचे) आणि गाँग? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सायलोसायबिन देऊन सिगारेट सोडवण्याच्या प्रयोगात १० जणांवर हे पाश्चात्त्य अभिजात संगीताशी ताडून पाहिलं. ठळक फरक निघाला नाही, म्हणजे सिम्फनीच हवी असं काही नाही. बहिणीला मात्र दहा मिनिटांत 'भांडी घासतायत' वाटलं. बाद.

उरला ख्याल. विलंबित बढत, म्हणजे संथ लयीत राग हळूहळू उलगडणं, अर्धा-पाऊण तास सहज चालते, घाई नाही, शब्द थोडके. हा माझ्या कानाचा कौल, अभ्यासाचा नव्हे. दोन गोष्टी टाळा. तोंडपाठ नाट्यगीत नको, मन मागोमाग गायला लागतं. आणि मंगेशीच्या पालखीत वडिलांबरोबर म्हटलेला अभंग तर नकोच, निदान पहिल्या खेपेला. आपलं वाटणं वेगळं आणि जखमेवर बोट ठेवणं वेगळं. रेकॉर्डिंगमधला द्रुत, म्हणजे जलद लयीचा भागही कापा. औषध उतरू लागतं नेमका तेव्हाच तबला धावत सुटतो.

तिने मात्र ख्यालाऐवजी सरोदचा नुसता आलाप नेला. सुई टोचण्याआधी नर्सला एवढंच विचारून घेतलं, "मी हात वर केला तर बंद कोण करणार?"